दिघ्याला गाडी थांबली आणि आमचं बिनसलं

आमच्या पोराला ऑटिझम आहे, आणि ट्रान्स हार्बरची, म्हणजे ठाणे-नवी मुंबई लोकलची, स्टेशनं तोंडपाठ. ठाण्याहून थेरपीला नेरूळला निघालो की हा सुरू, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर, आणि मग बॅग खांद्याला लावून दारात उभा. जानेवारी २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोलीच्या मधे दिघा गाव स्टेशन सुरू झालं. मी पेपरात वाचलं होतं, पण त्याला सांगायचं डोक्यातच आलं नाही. गाडी थांबली, बाहेर ऐरोली नाही, आणि हा जो किंचाळायला लागला तो थेट तुर्भ्यापर्यंत, स्वतःचा हात चावला, आणि समोरच्या काकू मला सांगतायत, "दोन ठेवून दे, गप बसेल."

ऑटिझमवाल्या पोराच्या आईबापांनी विचारलं की मी पहिलं हेच सांगते, आधी कारण शोधा, शिस्तीचं नंतर बघू. हट्ट आणि मेल्टडाऊन, म्हणजे सगळं असह्य होऊन पोराचा स्वतःवरचा ताबा सुटणं, लांबून सारखंच दिसतं पण हट्ट करणारं पोर मधेच बघतं आई बघतेय का, आणि हवं ते मिळालं की गप्प. मेल्टडाऊनमध्ये चॉकलेट दिलंत तर फेकून देईल, कारण तेव्हा त्याच्या हातात काही राहिलेलंच नसतं. अशा वेळी समजावणं, "शहाणा ना तू", सगळं बंद. लाईट कमी, माणसं कमी, डोकं आपटत असेल तर मधे उशी, आणि आपण गुपचूप बाजूला बसायचं. जवळ घ्यायचं की नाही हे पोरावर आहे, आमच्याला घट्ट धरलेलं चालतं पण दुसऱ्या एखाद्याला हात लावला तर अजून भडकेल.

शांत झालं की वही काढा. त्याच्या आधी अर्धा तास काय चाललं होतं, काय खाल्लं, कोण आलं, रात्री झोपला का, दोन ओळी पुरतात. आम्हाला वाटायचं याला शाळेत जायचं नसतं म्हणून सकाळी रडतो, पंधरा दिवसांच्या वहीत दिसलं की रविवारी पण रडतो, ज्या ज्या दिवशी मी इडलीची चटणी वाटते त्या दिवशी. मिक्सर! आता चटणी रात्री वाटते, तेही त्याला सांगून, दार लावून. आणि एक, नीट बोलू न शकणारं पोर अचानक जास्त चिडायला लागलं, मारायला लागलं, तर आधी दात, कान आणि पोट डॉक्टरांना दाखवा. आमच्याकडे एकदा महिनाभराचा राग बद्धकोष्ठतेचा निघाला, आणि मी तोवर मोबाईलला दोष देत होते.

दुसरं म्हणजे चित्रांची पट्टी. ब्रश, दूध, कपडे, रिक्षा, स्टेशन, असे मोबाईलवर काढलेले आपल्याच घरातले फोटो प्रिंट करून पुठ्ठ्यावर वेल्क्रोने लावायचे आणि काम झालं की त्याने स्वतः काढून डब्यात टाकायचं. नेटवरची कार्टून चित्रं आमच्याला कळलीच नाहीत, त्याला त्याचाच निळा ब्रश लागतो. दिघा गावचा फोटोही असाच पट्टीत घुसवला, आठवडाभर घरी गाडी गाडी खेळलो, मग गेलो. एक कोरं कार्ड पण ठेवा, त्यावर प्रश्नचिन्ह, म्हणजे आज काहीतरी वेगळं आहे, कारण मेगाब्लॉक काय सांगून येतो थोडाच.

केस कापणं हा आमच्याकडे सगळ्यात मोठा सोहळा. मशीनचा आवाज, मानेवरचं गार पाणी, गळ्याला आवळलेलं कापड, टोचणारे केस, यातलं नक्की काय नकोय ते एकेक करून बघितलं. कापड आणि पाणी निघालं. आता घरीच, जुना टीशर्ट घालून, कात्रीने, किती वेळ चालणार ते टायमरवर दाखवून, अर्धं आज अर्धं उद्या. दोन दिवस ध्यान दिसतो, दिसू दे.

गणपतीत आणि दहीहंडीला ठाण्यात काय आवाज असतो ते वेगळं सांगायला नको. कानावरचे हेडफोन आदल्या महिन्यापासून रोज पाच मिनिटं घालायची सवय लावा, त्याच दिवशी घातले तर तेच भिरकावेल. मिरवणूक कधी आहे ते मंडळाच्या पोरांना विचारून ठेवा आणि त्या वेळी घरातल्या आतल्या खोलीत पंखा लावून बसा किंवा सरळ येऊरच्या जंगलाच्या बाजूला चक्कर मारून या.

घरातल्यांचं अवघड. सासूबाई म्हणायच्या लाडाने वाया गेला, भांडून काही झालं नाही, मग त्यांच्याकडे संध्याकाळची पट्टी लावायचं काम दिलं, आता मी एक कार्ड विसरले तर मलाच ओरडतात. मोठ्या मुलीला मात्र आम्ही बरीच वर्षं गृहीत धरलं, ते चुकलंच. आता रविवारी ती आणि मी दोघीच तलावपाळीला, त्याचा विषय काढायचा नाही.

आणि पूर्ण बरा करून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी टोचणं, हा ऑटिझमवरचा मान्य उपचार नाही, त्यात दागिने मोडू नका. ते पैसे स्पीच आणि ऑक्युपेशनल (रोजची कामं जमायला शिकवणाऱ्या) थेरपीला लागतात, दर महिन्याला. खारघरला एनआयईपीआयडीचं, म्हणजे बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं, सरकारी केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळतं, स्वावलंबन पोर्टलवर फॉर्म भरून सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासणी. तपासणीच्या दिवशी वही, खाऊ आणि हेडफोन न्या, रांग लांब असते. सर्टिफिकेट आलं की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय योजना, वर्षाला १ लाखापर्यंतचा हेल्थ इन्शुरन्स, त्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात मिळतो, म्हणून प्रत्येक सेशनचं बिल जपून ठेवा. मार्चअखेर रिन्यू करायचं असतं, आम्ही एक वर्ष विसरलो आणि तेव्हाच नेमका हात मोडला त्याचा.