शेंगदाण्याचे लाडू, मुलांच्या हातचे

2 वाट्या शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजा आणि पूर्ण गार झाले की सुपात घालून मुलांपुढे ठेवा. तळहातांनी चोळायचे, मग गॅलरीत नेऊन सालं फुंकायची; हे काम चार वर्षांचं मूलही मन लावून करतं. सालं घरभर उडतील, उडू द्या! मिक्सर मात्र तुम्हीच चालवा, तोही थांबून थांबून. सलग फिरवला तर तेल सुटून कूट चिकट होतं. 1 वाटी चिरलेला गूळ, चिमूटभर वेलचीपूड घालून पुन्हा एकदा फिरवलं की लाडू मुठीत सहज वळतात, तूप लागत नाही. वाकडेतिकडे झाले तरी तसेच डब्यात भरा. अगदी लहानग्यांच्या तोंडात अख्खा दाणा जाऊ देऊ नका, घशात अडकतो.