मिनिटाला ६० शब्द झाले, पण वाचता येतं का? निपुणची प्रगती मोजताना या चुका टाळा

तिसरीतली मुलगी धडा घडाघडा वाचत होती. घड्याळ लावलेलं. मिनिटात साठाच्या वर शब्द झाले आणि मी प्रपत्रात 'साध्य' लिहून मोकळा झालो. मग सहज शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, "इथनं वाच बरं." ती नुसतीच माझ्या तोंडाकडे बघत राहिली. अख्खा धडा पाठ होता!

निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधे हिशेब यावेत, हे त्याचं उद्दिष्ट. तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह. गंमत अशी की यातला 'अर्थासह' मोजायला अवघड, म्हणून तोच गळतो. मग मुलं पूर्णविराम गिळत पळतात आणि आपण शाबासकी देतो. उपाय साधा आहे. उतारा पुस्तकाबाहेरचा, न पाहिलेला द्या आणि वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारा. "बकरी का पळाली?" याचं उत्तर आलं नाही, तर ६० काय नि ९० काय.

दुसरी गफलत पट आणि शिक्षण एकच समजण्याची. ढोबळ नोंदणी प्रमाण (त्या वयोगटातल्या दर शंभर मुलांमागे पटावर किती) शंभराच्या वर गेलं की कागदावर सगळं आलबेल वाटतं. पण त्यात वयानं मोठी, मागे राहिलेली मुलंही मोजलेली असतात, म्हणून तर ते शंभर ओलांडतं. 'असर' या 'प्रथम' संस्थेच्या देशभरातल्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं होती २७.१ टक्के. २०२२ मध्ये २०.५ होती. सुधारणा आहे, नाकारू नये. पण पटावरची बहुतेक मुलं अजून त्या रेषेच्या अलीकडेच आहेत.

असर घरी जाऊन, एकेका मुलाला समोर बसवून वाचायला लावते. सरकारचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (२०२४ पासून 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण') शाळेत होतं. दोन्हींचे आकडे एकाच आलेखावर जोडून 'वाढ' किंवा 'घसरण' काढू नका. बैठकीत असा आलेख हमखास निघतो.

तारखांचंही तसंच. राज्यघटनेच्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत, सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत होती, म्हणजे १९६०. शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला, म्हणजे पन्नास वर्षं उशिरा. नुसती शेवटची तारीख लिहिली की असं होतं. या दिवाळीपर्यंत कोणत्या वर्गातली किती मुलं वाचतील, हे लिहा. चुकलं तर त्याच रकान्यात का चुकलं तेही लिहा.

आणि सरासरी काढताना दिवाळीनंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेली मुलं विसरू नका. चाचणीच्या दिवशी ती गैरहजर, म्हणून टक्केवारीतून आपोआप बाहेर! आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, एका शाळेची टक्केवारी अशीच एका वर्षात सुधारली होती. आता आम्ही 'पटावर', 'हजर' आणि 'वाचू शकले' असे तीन आकडे शेजारी शेजारी लिहितो. स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी कार्ड (जिथं जाईल तिथल्या शाळेत शिक्षण चालू राहावं म्हणून दिलं जाणारं) दिलं का, कारखान्याजवळच्या शाळेत ते पोचलं का, याचा फोन मुख्याध्यापकांनीच करायचा असतो.