समुद्री गरुड वर्गात आणताना: आधी मोजपट्टी, मग रंग

मुलांना गरुड काढायला सांगा. बहुतेक वह्यांत पांढऱ्या डोक्याचा, तपकिरी अंगाचा पक्षी उतरेल. तो अमेरिकेतला बाल्ड ईगल. कोकण किनाऱ्यावर दिसतो तो समुद्री गरुड निराळा: डोकं, मान, पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी, शेपूट आखूड आणि पाचरीसारखी. म्हणून पाचवी ते आठवीच्या मुलांना आधी पक्षी मोजायला लावा, ब्रश नंतर द्या.

मैदानावर (एक तासिका). खडू, टेप आणि सुतळी घ्या. एकाच आरंभरेषेपासून पंखांच्या विस्ताराइतक्या चार समांतर रेषा आखा: कावळा ८० सेंमी, ब्राह्मणी घार १२०, साधी घार १५०, समुद्री गरुड २०० सेंमी. ही मापं साधारण आहेत. मादी नरापेक्षा मोठी असते, हेही सांगा. मुलं रेषेवर हात पसरून झोपली की आपण कोणत्या पक्ष्याएवढे ते त्यांना लगेच कळतं.

इथेच ओळखीचा घोळ सोडवा. ब्राह्मणी घारीचंही डोकं पांढरं असतं, पण तिचं अंग विटकरी. साध्या घारीच्या शेपटीला खाच असते. गरुडाचं पिल्लू तपकिरी असतं आणि मोठ्यांचा रंग यायला त्याला चार-पाच वर्षं लागतात, त्यामुळे निव्वळ रंगावर विसंबू नका. शेपटीचा आकार आणि तरंगताना इंग्रजी ‘व्ही’सारखे वर उचललेले पंख बघायला शिकवा.

पंजा (अर्धी तासिका). मासे आणि समुद्री साप बुळबुळीत, तरी सुटत नाहीत ते का? दर गटाला अर्ध्या लिटरची, पाण्याने भरलेली, घट्ट बुचाची बाटली द्या. तिला भांड्यांच्या साबणाचं पाणी फासून अंगठा आणि तर्जनीच्या टोकांनी मधोमध धरून उचलायला सांगा. घसरते. आता दोन्ही बोटांना ८० किंवा १०० नंबरच्या वॉटर पेपरच्या पट्ट्या खरखरीत बाजू बाहेर ठेवून चिकटवा आणि पुन्हा उचला. गरुडाच्या तळव्यावर असेच टोकदार, खरबरीत खवले असतात. साधा पॉलिश पेपर घेऊ नका, भिजला की त्याची वाळू सुटते. बाटलीही गुळगुळीतच हवी; कंगोरे असले की बोटांना आयतीच पकड मिळते आणि प्रयोग फसतो.

टांगता गरुड (दोन तासिका आणि मधली रात्र). वर्तमानपत्रांचे तीन थर खळीने चिकटवून २ मीटर × ८० सेंमीचा कागद करा. खळीला दोन चमचे मैदा, एक कप पाणी. दाट होईपर्यंत शिजवा, लागेल तशी पुन्हा करा. पातळ लावा आणि वर वह्यांचं वजन ठेवून रात्रभर वाळू द्या, नाहीतर कागद सुरकुततो. मग मधोमध दुमडून अर्धा पक्षी आखा. पंख मुळाशी ४५ सेंमी रुंद, टोकाला बोटांसारखी सुटी पिसं, शेपूट पाचरीची. कापून उलगडा.

रंगवायचं खालचं अंग, कारण मुलांना वर मान करून तेच दिसणार आहे. पूर्ण कागदाला पांढऱ्या पोस्टर कलरचे दोन हात द्या. एका हातात छापील अक्षरं डोकावतात. पांढरा वाळल्यावरच पंखांची मागची निम्मी रुंदी आणि टोकं काळी करा. घाई केली की दोन्ही मिसळून सगळा पक्षी राखाडी होतो. शेपटीचं मूळ काळपट, टोक पांढरं.

पाठीवर ९० सेंमीच्या दोन बांबूच्या कामट्या मध्यावर तिरक्या बांधा, पंखांचा ‘व्ही’ त्यांच्यामुळेच टिकतो. तीन ठिकाणी दोरा ओवा: दोन्ही पंखांच्या मध्यावर आणि शेपटीजवळ. मान खाली झुकली तर पंखांचे दोरे थोडे डोक्याकडे सरकवा.

खरा पक्षी दाखवायचा तर किनाऱ्यावरून, ८×४० च्या दुर्बिणीतून. हिवाळा हा त्याच्या विणीचा काळ; घरट्याच्या झाडाखाली मुलांना नेऊ नका आणि ड्रोन तर मुळीच उडवू नका. वारंवार त्रास झाला तर जोडी अंडी सोडून जाते. हा पक्षी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. पीस सापडलं तर त्याची लांबी मोजा, वहीत रेखाटन करा आणि ते तिथेच राहू द्या.