मागच्या अंगणात कोबा घालण्याआधी

नव्या घराचा पहिला उन्हाळा आला की आपल्या लोकांना मागे पॅटिओ हवा होतो. चहा बाहेर, पोरांचे वाढदिवस बाहेर, ग्रिलवर भरताची वांगी. आम्हीही न्यू जर्सीत तेच केलं, 12 बाय 16 फुटांचा. तेव्हा आधी हिशेब.

192 चौरस फूट, 4 इंच जाडी, म्हणजे 64 घनफूट. इथे काँक्रीट घनयार्डात मागवतात आणि यार्डात 27 घनफूट. नासधूस धरून अडीचच्या जरा वर. मेख इथेच आहे. ट्रक साधारण 10 यार्डांचा, म्हणून एवढ्याशा मालाला प्लांटवाले वेगळा आकार लावतात. शेजाऱ्यालाही पॅटिओ हवा असेल तर दोघांचं काम एकाच दिवशी काढा.

आम्हाला कॉन्ट्रॅक्टरांकडून तीन आकडे मिळाले: 2,400, 3,100 आणि 3,900 डॉलर. आपण कोण? सगळ्यात स्वस्त घेतलं. त्यात खालची खडी नव्हती, तिचं धुम्मस नव्हतं, खोदलेली माती उचलणंही नव्हतं. ढीग दोन आठवडे ड्राइव्हवेवर आणि आम्ही गाड्या रस्त्यावर लावतोय. शेवटी बिल 3,600 वर गेलं.

त्याहून वाईट म्हणजे उतार. गावाकडच्या गवंड्याला ओट्याचा उतार कुठे काढायचा ते झोपेतही कळतं. आमचा घराकडे निघाला. पहिल्या मोठ्या पावसात मी तांब्या घेऊन बेसमेंटच्या खिडकीतलं पाणी बादलीत भरत होतो. म्हणून कागदावर लिहून घ्या: घरापासून दूर, फुटाला पाव इंच. 12 फुटांत 3 इंच होतात; जास्त वाटतात, पण खुर्ची हलत नाही. त्याच कागदावर 4 इंच दाबलेली खडी, दर 8 ते 10 फुटांवर जॉइंट (तडे आवरणारी खाच), थंडीत टिकणारं, हवेचे बुडबुडे धरलेलं काँक्रीट आणि माती कोण नेणार, हेही. आपल्या राज्यात 500 डॉलरवरच्या घरकामाचा करार लेखीच लागतो आणि कॉन्ट्रॅक्टरची राज्याकडे नोंदणी लागते. नंबर विचारायला लाजू नका.

टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, झोनिंग ऑफिसात आधी जा. प्लॉटचा किती भाग पाणी न मुरणारा चालतो याला मर्यादा असते आणि ड्राइव्हवेही त्यातच मोजतात. एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर त्यांची परवानगी वेगळी. खोदण्याआधी 811 ला फोन. सुट्ट्या सोडून कामकाजाचे 3 पूर्ण दिवस आधी. गॅसची पाइप कुठून गेली आहे ते फुकट आखून देतात.

दगडासारखा छाप उठवलेला पॅटिओ सुंदर दिसतो, पण दर काही वर्षांनी सीलर (वरचा संरक्षक लेप) मारायचा खर्च आला. मी तरी साधा झाडूफिरवा फिनिश घ्या म्हणेन. वाचलेल्या पैशात छपराच्या गटरचा पाइप लांबवून घ्या, पागोळीचं पाणी स्लॅबखाली जायला नको.

ओतल्यावर आठवडाभर पाणी मारा. आणि पहिल्या हिवाळ्यात बर्फ वितळवायला त्यावर मीठ टाकू नका, वाळू पसरा.