एमओटीच्या नोंदी वाचून दोन जुन्या गाड्यांच्या विम्याची जोखीम कशी ताडावी

इंग्लंडमध्ये नव्याने आलेली आपली मंडळी जुनी गाडी बघायला निघतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "हिचा इन्शुरन्स किती येईल?" हप्ता कमी म्हणजे गाडीत जोखीम कमी, असं धरून चालतात. हप्ता ठरतो तो मॉडेल, तुमचं वय, लायसन्स किती वर्षांचं आहे, पोस्टकोड कुठला, गाडी रात्री कुठे उभी असते अशा गोष्टींवर. भारतीय लायसन्सवर इथे आल्यापासून बारा महिने चालवता येतं, पण तेवढ्या काळात कुठलीही गाडी घ्या, हप्ता चढाच येतो. मागच्या ब्रेक पाइपला गंज आहे का, हे कोटच्या (हप्ता किती येईल ते सांगणाऱ्या) फॉर्ममध्ये कोणी विचारत नाही. ते आपणच एमओटीच्या, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीच्या, नोंदींत बघायचं असतं, आणि बघायला एक पेनीही लागत नाही.

आधी कोट घेऊन टाका. दोन्ही गाड्यांचे नंबर, एकच दिवस, एकच कव्हर, एकच एक्सेस (क्लेममध्ये आपल्या खिशातून जाणारी रक्कम). मॉडेलचा इन्शुरन्स ग्रुप १ ते ५० यांपैकी कितवा (आकडा मोठा तसा हप्ता सहसा जास्त), तेही लिहून ठेवा.

मग सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा इतिहास उघडा. गाडीचा नंबर पुरतो. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ही तपासणी करावी लागते, आणि २००५ पासूनच्या नोंदी तिथे दिसतात. प्रत्येक नोंदीत तारीख, माइल, पास की फेल, आणि खाली दोषांची यादी. माइलचा आकडा दरवर्षी वाढत गेलाय ना, एवढं पाहून घ्या. मध्येच कमी झाला असेल तर त्या गाडीचा विषय सोडा.

आता खरी मेख. सगळीकडे एकच सल्ला मिळतो: किती वेळा फेल झाली ते मोजा. हा सल्ला मी मानला होता आणि फसलो होतो. माझ्यासमोर नऊ-नऊ वर्षांच्या दोन गाड्या होत्या. पहिली ९०,००० माइल चाललेली, चार वेळा फेल. दुसरी २७,००० माइल, एकदाही फेल नाही. मी डोळे झाकून दुसरी घेतली. पुढच्याच एमओटीला ती सिलच्या (दाराखालच्या लोखंडी पट्टीच्या) गंजावर फेल झाली आणि वेल्डिंगचा खर्च बोकांडी बसला. घरी येऊन जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या, तर सगळं तिथेच लिहिलेलं होतं. 'ब्रेक पाइपला गंज' ही ॲडव्हायझरी (गाडी फेल न करता दिलेली 'लक्ष ठेवा' अशी सूचना) एका वर्षी, पुढच्या वर्षी परत, तिसऱ्या वर्षी गायब, चौथ्या वर्षी सिलच्या गंजासकट हजर. गंज आपोआप जात नाही. मधल्या वर्षी ती ओळ का नव्हती, दुरुस्तीचं बिल आहे का, हे मी विक्रेत्याला विचारायला हवं होतं.

पहिल्या गाडीचे चार फेल काय होते? नंबर प्लेटचा बल्ब, वायपर आणि दोनदा टायर. प्रत्येक वेळी फेल आणि पास यांची तारीख एकच. म्हणजे मालकाने तिथल्या तिथे काम करून घेतलं होतं. अशा माणसाच्या हातातली गाडी मी आज आधी घेईन.

म्हणून दोष मोजताना दोन वेगळी मापं वापरा. टायर, ब्रेक पॅड, डिस्क ही चालण्याने झिजतात; त्यांचे दोष दर दहा हजार माइलमागे किती, असा हिशेब करा. गंज, ब्रेकचे होज, सस्पेन्शनचे रबरी बुश हे वयानेही खराब होतात. त्यांचा हिशेब वर्षांवर. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते कमी चाललेल्या गाडीलाही सोडत नाही. सगळं एकाच मापाने मोजलंत तर कमी चाललेली गाडी नेहमीच साजरी दिसते.

दोषांचं वजनही सारखं नाही. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर आणि बॉडीचा गंज यांना मी पूर्ण वजन देतो, कारण गाडीतल्या दोषामुळे अपघात झालाच तर तो बहुधा इथूनच येतो. टायरच्या खाचांची खोली कायद्याने किमान १.६ मिमी लागते. 'कायद्याच्या मर्यादेजवळ' ही ॲडव्हायझरी वर्षानुवर्षे दिसली, तर तो मालक टायर शेवटपर्यंत ओढतो हे नक्की. बल्ब आणि वायपर वारंवार आले तरच लक्ष देतो.

आणखी एक खड्डा. 'मायनर', 'मेजर', 'डेंजरस' ही वर्गवारी २० मे २०१८ पासून आली. त्याआधीच्या नोंदींत ही लेबलं नाहीत. म्हणून जुन्या नोंदीत डेंजरस दिसत नाही यावरून गाडी तेव्हा ठणठणीत होती असं समजू नका. दोषाचा मजकूर वाचा.

एमओटीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स तपासत नाहीत. अपघातात राइट-ऑफ होऊन (म्हणजे विमा कंपनीने दुरुस्तीऐवजी भरपाई देऊन निकालात काढून) कॅटेगरी एस (सांगाड्याचं नुकसान) किंवा एन (सांगाडा सोडून इतर नुकसान) लागलेली गाडीही तिथे ओळखू येत नाही. त्यासाठी वेगळा पैसे भरून मिळणारा रिपोर्ट घ्या, इथे कंजुषी नको.

शेवटी कोट आणि दोषांचा हिशेब शेजारी ठेवा. हप्त्यात वर्षाला पन्नास-साठ पाउंडांचा फरक असेल आणि स्वस्त हप्त्याच्या गाडीत गंजाची ॲडव्हायझरी परत परत येत असेल, तर महाग हप्त्याची गाडी घ्या. जवळपास प्रत्येक पॉलिसीत गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवायची अट असते, आणि एमओटीचा पास फक्त त्या दिवसापुरता बोलतो. झिजलेल्या टायरमुळेच अपघात झाला तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडू शकतो.

गाडी घेतलीत की एमओटीची तारीख फोनमध्ये महिनाभर आधीच्या आठवणीसह टाका. ती चुकली तर १,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि क्लेमच्या वेळी कंपनी गाडीची किंमत कमी धरू शकते.