गॅरेजात पोरं यायला हवीत? मग आधी भाषण बंद करा

कुडाळजवळ हायवेला आमचं गॅरेज आहे. पान्याचं काम हे, म्हणजे माझे मिस्टर, बघतात. पार्ट्सचं काउंटर, बिलं, इन्शुरन्सचे कागद आणि माणसं माझ्याकडे. यातलं शेवटचं खातं सगळ्यात जड. गाड्या रोज दारात येतात, त्यांच्यावर काम करणारे हात येत नाहीत. टायरवाला असो, शोरूमवाला असो की स्प्रिंगचे पाटे बसवणारा, ज्याला विचाराल त्याची एकच रड : "माणूस गावणा नाय."

आणि त्याच वेळी दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला. म्हणजे डोकी आहेत, हातही आहेत. ते मुंबईच्या गाडीत बसतात, नाहीतर गोव्यात हॉटेलात ट्रे धरतात. गाड्यांच्या धंद्यात किती तऱ्हेची कामं आहेत हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. आम्हीही दाखवलं नव्हतं. पुढं जे लिहिते आहे ते चुका करून शिकलेलं आहे. गॅरेजवाले, शाळेतले सर-बाई, आयटीआयचे मास्तर, कुणालाही उपयोगी पडेल.

पहिली चूक भाषणाची. मी एका हायस्कुलात जाऊन चाळीस मिनिटं बोलले. संधी, भविष्य, इलेक्ट्रिक गाड्या, सगळं झालं. दोनशे पत्रकं छापून नेली होती. शेवटी मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "बाई, पगार किती?" मी म्हटलं, "ते कामावर असतं." पोरं हसली. संध्याकाळी एसटी स्टँडवर आमच्याच पत्रकात बांधलेली भजी मी खाल्ली. गॅरेजात एकही आला नाही.

दार कधी उघडायचं

शाळेत जाऊ नका, पोरांना तुमच्याकडे आणा, आणि दिवस नीट निवडा. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. निकाल आणि आयटीआयचे अर्ज नंतर येतात. या मधल्या काळात पोरगं रिकामं असतं आणि घरातही त्याचा काही निर्णय झालेला नसतो. मे महिना मात्र सोडा. तेव्हा आंबा असतो, लग्नं असतात, चाकरमानी आलेले असतात, कुणाला कुणाकडे बघायला वेळ नसतो. आम्ही एप्रिलातला एखादा रविवार धरतो. एका वेळी दहा-बारा जणच, जास्त नकोत. जास्त आले की मागचे फक्त पुढच्यांच्या पाठी बघतात.

टेबलावर चकचकीत काही मांडायचं नाही. आम्ही ठेवतो ते असं : भंगारातलं एक उघडलेलं इंजिन, झिजलेली क्लच प्लेट आणि तिच्या शेजारी नवी, गंजून चाळण झालेला सायलेन्सर, एक मल्टिमीटर, हॉर्न, बल्ब, फ्यूज, रिले, इंडिकेटरला लागतं-विझतं ठेवणारे फ्लॅशर आणि बारा व्होल्टची बॅटरी. खाऱ्या हवेत सायलेन्सरची काय गत होते ते मालवण-देवबागच्या पोरांना सांगावं लागत नाही. त्यांच्या घरच्या पत्र्यांचंही तेच होतं.

यात खरा खेळ रिलेचा. रिलेला चार पाय असतात आणि त्यांच्यावर बारीक आकडे कोरलेले असतात : ३०, ८७, ८५, ८६. मी पोराला एवढंच सांगते की ८५ आणि ८६ला आत तारेचं वेटोळं आहे, त्यात करंट गेला की त्याचं लोहचुंबक होतं आणि ते ३० आणि ८७ला एकमेकांना चिकटवतं. आता हॉर्न वाजव. फ्यूज लावून देते आणि गप्प बसते. गप्प बसणं महत्त्वाचं. यांना ते जमत नाही, दोन मिनिटांत हात पुढे करतात, म्हणून त्या दिवशी यांना मी चहाच्या कामावर ठेवते. पोरगं तारा जोडतं, काढतं, पुन्हा जोडतं. मग रिले आतून 'टक्' करतो. हॉर्न अजून वाजलेला नसतो, नुसतं टक्. त्या आवाजाला ज्याची मान वर होते, त्याचं नाव मी वहीत लिहिते. हॉर्न काय, सगळ्यांचाच वाजतो शेवटी.

सांभाळायचं एवढं की बांगड्या, अंगठ्या, कडं आधी काढून ठेवायला लावा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण कडं दोन टर्मिनलांमध्ये अडकलं तर क्षणात लाल होतं आणि मनगट भाजतं. जॅकवर उभ्या गाडीखाली कुणालाही नाही, स्टँड असला तरी त्या दिवशी नाही. इलेक्ट्रिक गाडी आलेली असेल तर भगव्या जाड तारा लांबून दाखवा. तिथे शेकडो व्होल्ट असतात. आणि चौदा वर्षांखालचं पोर बघायला आलं तर येऊ दे, कामाला ठेवू नका. तो कायद्यानं गुन्हा आहे.

'मेकॅनिक' हा शब्द फोडा

पोरांच्या डोक्यात गाडीचं काम म्हणजे गाडीखाली झोपलेला, ऑइलनं काळा झालेला माणूस. हे चित्र मोडायला मी माझ्या माहेरची गोष्ट सांगते.

माझं माहेर चिपळूणचं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा बाबांची गाडी छतापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर बाबांनी काय केलं, तर चावी फिरवली. कोकणातल्या प्रत्येक माणसाला हे पाठ हवं : बुडालेल्या गाडीला चावी लावायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असतं, पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. बाबांचा वाकला. इंजिनातलं ऑइल काढलं तर दूध घातलेल्या चहासारखं आलं.

आता त्या एका गाडीला किती हात लागले ते मी पोरांना बोटांवर मोजायला लावते. सपाट ट्रकवर चढवून आणणारा. मग विम्याचा सर्व्हेअर. त्याला आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, परवाना लागतो, आणि तो गाडीभोवती फिरून जे लिहितो त्यावर पैसे ठरतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस, गाडी दुरुस्त करत नाहीत. बाबांची थोडक्यात वाचली. मग इंजिन उघडणारा फिटर, ब्लॉक घासून देणारा टर्नर, सीटा आणि गालिचा काढून वाळवणारा कुशनवाला, वायरिंगवाला. वायरिंगवाल्यानं एकेक प्लग उघडला तेव्हा पिनांवर हिरवी बुरशी धरली होती. ती ब्रशनं साफ करायला त्याला चार दिवस लागले. मग स्कॅनर लावून गाडीचा कॉम्प्युटर काय बोलतो ते वाचणारा. पार्ट नंबर शोधून माल मागवणारं काउंटर, म्हणजे माझ्यासारखी कुणीतरी. रंगवाला. कागद पुढे सरकवणारी विमा कंपनीतली मुलगी. दहाही बोटं भरतात. यातल्या निम्म्या जणांच्या हाताला ग्रीस लागत नाही, हे पोरांना तेव्हा पहिल्यांदा कळतं.

हात कुठे आधीच चालतो ते बघा

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली युक्ती ही. गाड्यांची आवड असलेलं पोरगं शोधू नका. तशी आवड सगळ्यांनाच असते, बाईक उडवायची. दुसऱ्या कशात हात तयार झालेलं पोरगं शोधा आणि त्याला गाडीतलं त्याचं काम दाखवा.

आमच्याकडे पावसाळ्यात गावोगाव गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्तींचे कारखाने, चालतात. तिथं एक मुलगा तीन-चार वर्षं मूर्ती रंगवत होता. पितांबराला स्प्रे गननं असा रंग मारायचा की कुठं थेंब ओघळलेला दिसायचा नाही. बारावीला नापास, घरी बोलणी खात होता. मी त्याला आमच्या रंगवाल्या मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्रीनं एका लाल गाडीचा दरवाजा पुढे ठेवला आणि विचारलं, "ह्यो आणि बाजूचो पत्रो एकच रंग?" कंपनीचा रंगाचा कोड एकच होता. पोरगा उन्हात गेला, तिरका वाकून बघितलं आणि म्हणाला, "बाजूचो उन्हान उडालो हा. ह्येच्यात जरा पिवळो व्हयो." मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. कोडप्रमाणे मिसळलेला रंग जुन्या गाडीला जुळत नाही, शेजारच्या पत्र्याला जुळवून घ्यावा लागतो, हे शिकायला लोकांना वर्षं लागतात. हा शिकूनच आला होता. आज त्याला सुट्टी हवी असते ती फक्त आषाढ-श्रावणात, शाळेसाठी. देतो आम्ही. नाही दिली तर तो राहणार नाही, आणि मूर्तीही दुसरं कोण रंगवणार?

तसंच बाकीचं. ट्रॉलरवर बापाबरोबर गेलेल्या पोराला डिझेल इंजिनाचा आवाज बिघडलेला कळतो, त्याला पंप-नोझल शिकवावं लागतं पण कान शिकवावा लागत नाही. डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, साउंड लावणारा पोरगा वायरिंगला घ्या. बचतगटाचा हिशेब पै-पैला जुळवणारी मुलगी पार्ट्सच्या काउंटरला, तिथून पुढे सर्व्हिस अॅडव्हायझर, म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलून काम लिहून घेणारी. दशावताराच्या टेम्पोवर रात्र रात्र ड्रायव्हिंग करणारा मात्र गॅरेजात टिकत नाही. त्याला रस्ता लागतो, त्याला प्रवासी गाडी चालवायचा बॅज काढायला मदत करा आणि सोडून द्या.

मुलींबद्दल एकच सांगते, लांबवत नाही. आतून कडी लागणारं स्वच्छ संडास-बाथरूम आधी बांधा, मग मुलगी का येत नाही याची चर्चा करा. आम्ही ते बांधलं तेव्हा पहिली मुलगी आली. त्याआधी मी स्वतः अकरा वर्षं शेजारच्या घरी जात होते.

घरच्यांशी बोलणं

पोरगं तयार झालं तरी आई तयार नसते. एकीनं मला तोंडावर सांगितलं, "वहिनी, दहावीक पंच्याऐंशी टक्के पडलेत माज्या झिलाक. आणि तो आता ग्रीस पुसूक येतलो?" तिचं काही चूक नाही. तिला गाडीवाल्यांनी मिस्त्रीला कसं हाक मारलेलं दिसतं, तेच ती बोलते.

अशा घरी मी संध्याकाळी जाते, बसते, चहा घेते आणि कागदावर रस्ता काढून दाखवते. आयटीआयला मोटर मेकॅनिक दोन वर्षं, डिझेल मेकॅनिक एक वर्ष; बॉडी रिपेअर आणि पेंटिंग हे वेगळे, एकेक वर्षाचे ट्रेड. जवळच्या आयटीआयला यातलं काय आहे ते आधी विचारून जा, नाहीतर तिथंच तोंडघशी पडाल. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. डिप्लोमा ऑटोमोबाइलचा किंवा मेकॅनिकलचा झाला की एमपीएससीतून सहायक मोटार वाहन निरीक्षकाची परीक्षा देता येते. इथे आई पहिल्यांदा मान वर करते. "म्हणजे आरटीओतलो सायब?" होय, तोच, एमएच-०७च्या गाड्या पास करणारा. सगळेच साहेब होणार नाहीत, हे मी त्याच दमात सांगते. पण वाट बंद नाही एवढं तिला दिसावं लागतं. वडलांना एसटीच्या वर्कशॉपमधली अप्रेंटिसशिप पटते, कारण एसटी त्यांच्या ओळखीची असते.

आणि पगाराचा आकडा. पहिल्या महिन्याला किती, वर्षानं किती, सुट्टी कुठली, जेवणाची वेळ कुठली, सगळं वहीत लिहून त्यांच्यासमोर सही करते. पत्रकांच्या वेळचं ते हसणं मी विसरलेले नाही.

पहिले तीन महिने

इथेच बहुतेक गॅरेजं पोरगं घालवतात. आम्हीही घालवलं. एक हुशार मुलगा आम्ही सहा महिने नुसता वॉशिंगला ठेवला, कारण वॉशिंगला माणूस नव्हता. एक दिवस तो आला नाही. गोव्यात पर्वरीला हॉटेलात लागल्याचं नंतर कळलं. चूक आमचीच.

आता नियम असा की धुणं, झाडणं, चहा आणणं सगळ्यांनी पाळीपाळीनं, त्यात हेही आले. नव्या पोराला दर आठवड्याला एक काम पूर्ण, सुरुवातीपासून बिलापर्यंत : आधी ऑइल-फिल्टर, मग एअर फिल्टर आणि बॅटरी तपासणी, मग ब्रेक पॅड, ते मात्र मिस्त्री शेजारी उभे असताना. ज्याची गाडी त्याला पोरानंच सांगायचं काय केलं ते. पहिल्यांदा शब्द फुटत नाही, तिसऱ्यांदा गिऱ्हाईक त्यालाच शोधत येतं. स्वतःच्या नावाची एक छोटी टूलपेटी द्या. दहा-अकराचा, बारा-तेराचा, चौदा-पंधराचा पाना, पक्कड, टेस्ट लॅम्प, एवढी पुरे. 'ए पोऱ्या' बंद. हे गिऱ्हाइकांनाही सांगावं लागतं, आणि एकदोघं रागावून दुसरीकडे गेले, जाऊ देत.

गणपतीचं काय करायचं ते आम्हाला अजून सुटलेलं नाही. त्याच आठवड्यात मुंबईच्या गाड्या घाट चढून क्लच जाळून येतात आणि त्याच आठवड्यात प्रत्येक पोराला घरी आरतीला उभं राहायचं असतं. सध्या दीड दिवसवाल्यांना आधी सोडतो आणि पाच दिवसवाल्यांना आळीपाळीनं. भांडणं होतात.

मागच्या एप्रिलात सगळे गेल्यावर टेबल आवरलं तर एक रिले आणि एक फ्लॅशर कमी भरला. मी कुणाला विचारलं नाही. गणपतीत शेजारच्या वाडीत दर्शनाला गेले तर एका घरी मखराभोवतीचे पिवळे बल्ब एकसारखे लागत-विझत होते. गाडीच्या इंडिकेटरचे बल्ब. मखरामागे बाईकची जुनी बॅटरी होती, आणि कान दिला तर टक्, टक्, टक्. घरातला दहावीतला मुलगा मला बघून आत पळाला. त्याची दहावी या मार्चला आहे.