हक्कसोडपत्र करताना या चुका टाळा: जे हातात नाही ते सोडता येत नाही

फ्लॅट विकायला काढला होता. गिऱ्हाईक पक्कं होतं, टोकनही ठरलं होतं. त्याच्या वकिलाने आमची फाईल चाळता चाळता मान वर न करताच विचारलं, “वडील वारले तेव्हा तुमची आजी होती का?”

होती. आणि तिथेच घोडं अडलं.

पुण्यातला हा फ्लॅट वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला. २००९ मध्ये ते गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं. २०१२ मध्ये आई आणि बहीण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आल्या, अंगठे-फोटो झाले आणि दोघींनी माझ्या लाभात हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराला सोडून देणारा दस्त, नोंदवून दिलं. इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा निबंधकाकडचा गोषवारा) मिळालं, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव चढलं. २०१४ मध्ये आजी गेली. तिचा आणि या फ्लॅटचा काही संबंध असेल असं आमच्या मनातही आलं नव्हतं.

संबंध होता. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता वारला की त्याच्या वर्ग एकच्या वारसांत बायको आणि मुलंबाळंच नाहीत, त्याची आईही येते, आणि तीही सारख्याच वाट्याने. म्हणजे २००९ मध्ये फ्लॅटचे चार भाग झाले: आई, मी, बहीण आणि आजी. फ्लॅट चोवीस भागांचा धरला तर प्रत्येकी सहा. पुढे आजीही मृत्युपत्र न करता गेली आणि तिचे सहा भाग तिच्या मुलांकडे गेले. दोन आत्यांना दोन-दोन, आणि आधीच वारलेल्या मुलाचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, दोन त्यांच्या मुलांना. एक मला, एक बहिणीला. आईला यातलं काही नाही, कारण आजीच्या वारसांत सून धरत नाहीत.

बेरीज करा. मी ज्याला ‘माझा फ्लॅट’ म्हणत होतो त्याचे एकोणीस भाग माझे, चार भाग दोघी आत्यांचे आणि एक भाग चक्क बहिणीचा. बहिणीने तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं होतं! दिलं होतं, पण २०१२ मध्ये. तेव्हा आजी हयात होती. तिच्याकडून पुढे मिळणारा भाग त्या दिवशी बहिणीचा नव्हताच, मग ती तो सोडणार कशी?

वारस मोजताना

बहुतेक हक्कसोडपत्रं इथे फसतात. मसुदा लिहिणारा विचारतो, “कोण कोण आहात?” आणि आपण समोर बसलेल्यांची नावं सांगतो. प्रश्न असा हवा: मालक ज्या दिवशी वारला त्या दिवशी कोण कोण हयात होतं, आणि त्यांतलं नंतर कोण गेलं? कागदावर वंशावळ काढा, प्रत्येक नावापुढे मृत्यूची तारीख लिहा. आधी वारलेल्या भावाची बायको आणि मुलं, परदेशी गेलेला चुलता, लग्न होऊन चाळीस वर्षं झालेली बहीण, सगळे त्यात आले पाहिजेत.

लग्न झालेल्या बहिणीबद्दल अजूनही “तिचा हक्क २००५ नंतर आला” असं ऐकू येतं. हे अर्धंच खरं आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, ते मृत्युपत्र न करता गेले तर, मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने तिला एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणून बहिणीच्या सहीला ‘औपचारिकता’ म्हणू नका. साडीचोळी देऊन, काय लिहिलंय ते न वाचून दाखवता घेतलेली सही हीच पुढे दाव्याची पहिली ओळ होते.

वारसांत अज्ञान (अठरा वर्षांखालचं) मूल असेल तर आणखी सावध राहा. मुलाच्या मालकीचा स्थावरातला हिस्सा आई किंवा वडिलांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही. सोडलाच, तर मूल सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून मागू शकतं. (हे सगळं हिंदू वारसा कायद्याचं. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांत वाटे वेगळे पडतात. गोव्यात तर लग्नाच्या मालमत्तेत नवरा-बायकोची भागीदारी धरली जाते, तिथला कागद महाराष्ट्रातल्या मसुद्यावरून उतरवू नये.)

बाप जिवंत असताना मुलाचं हक्कसोडपत्र

“बाबांचं घर धाकट्याला द्यायचंय, तर थोरल्याकडून आत्ताच लिहून घेऊ.” फार घरांत हे होतं. घर बाबांच्या स्वतःच्या कमाईचं असेल आणि बाबा हयात असतील, तर थोरल्याचा त्यात आज काहीच हक्क नाही. आहे ती फक्त आशा, आणि वारसाच्या आशेचं हस्तांतरण करता येत नाही असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६ सांगतं. असल्या कागदाच्या भरवशावर राहू नका. बाबांनी मृत्युपत्र करावं किंवा बक्षीसपत्र द्यावं.

हक्कसोड की बक्षीस?

हक्कसोडपत्र सहहिस्सेदाराच्याच लाभात होतं. ज्याचं त्या मालमत्तेत आधीपासून काही नाही, त्याला तुम्ही हक्क ‘सोडू’ शकत नाही. त्याला विकावं तरी लागतं किंवा बक्षीस तरी द्यावं लागतं. बहिणीला भाच्याच्या नावे सोडायचं असतं आणि भाच्याचे वडील, म्हणजे तिचा भाऊ, हयात असतात. तिथे भाऊ सहहिस्सेदार आहे, भाचा नाही. दस्ताचं नाव हक्कसोडपत्र ठेवलं तरी निबंधक मजकूर बघतो आणि मुद्रांक त्याप्रमाणे लावतो.

मुद्रांकाचा मोह इथेच पडतो. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ५२ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेतला हिस्सा भाऊ, बहीण, मुलं, आईवडील, नवरा-बायको अशा जवळच्या नात्यात सोडला तर मुद्रांक नाममात्र, काही शे रुपयांचा असतो. इतर बाबतीत सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखतासारखा मुद्रांक बसतो. दोघा भावांनी मिळून कर्ज काढून घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित होत नाही. तो एकाने दुसऱ्याला सोडला तर पूर्ण मुद्रांकाची तयारी ठेवा. आणि मालमत्ता वारशाने आली असेल तर कोणाकडून, कधी आणि कशी आली हे दस्तात सविस्तर लिहा. ‘वडिलोपार्जित’ एवढा एक शब्द लिहून भागत नाही.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर हक्कसोड, खाली नोटरीचा लाल शिक्का. दिसायला भारदस्त, मालकीच्या दृष्टीने रद्दी. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावरातला हक्क संपवणारा दस्त नोंदवलाच पाहिजे, हे नोंदणी अधिनियम, १९०८ चं कलम १७. सही झाल्यापासून चार महिन्यांत तो हजर करायचा असतो. उशिराचं कारण पटलं तर दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात. त्यापुढे नव्याने दस्त करणं हाच मार्ग, आणि तोवर सही करणारा माणूस असेलच असं नाही.

परदेशातली सही

माझ्या दोन आत्यांपैकी थोरली साताऱ्याची. ती एसटीने आली, सही केली, जेवून गेली. धाकटी न्यू जर्सीत. फोनवर म्हणाली, “अरे, आमच्याकडे क्विटक्लेम डीड असतं. नोटरीसमोर सही करायची, काउंटीत रेकॉर्ड करायचं, झालं. तेच पाठवू का?”

तिचं चुकलं नव्हतं, फक्त देश चुकला होता. क्विटक्लेम डीडचा स्वभाव आपल्या हक्कसोडपत्रासारखाच: देणारा म्हणतो, माझं जे काही असेल ते तुझं, पण माझं काही आहे याची हमी मी देत नाही. फरक असा की तिकडे ते सहहिस्सेदार नसलेल्यालाही देता येतं. आणि तिथल्या काउंटीतली नोंद पुण्यातल्या फ्लॅटला लागू होत नाही. इथला दस्त इथेच नोंदवावा लागतो.

परदेशी नातेवाइकाला येणं जमत नसेल तर मुखत्यारपत्र हवं. भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, किंवा तिथल्या नोटरीसमोर सही करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला, घेऊन. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला मुद्रांक भरायचा, हे बरेच जण विसरतात. मजकूर मोघम ठेवू नका. ‘माझ्या मालमत्तेची सर्व कामे’ म्हटल्याने विनामोबदला हक्क सोडण्याचा अधिकार मिळाला असं निबंधक धरेलच असं नाही. कोणता फ्लॅट, कोणाच्या लाभात, मोबदल्यासह की त्याशिवाय, हे लिहा. आणि मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते संपतं, म्हणून आलेलं कपाटात ठेवून देऊ नका.

पैसे दिले, पण लिहिले नाहीत

भाऊ बहिणीला दहा लाख देतो आणि दस्तात ‘प्रेमापोटी, विनामोबदला’ लिहितो. कारण काय, तर तसं लिहिलं की सोपं जातं. मग कधी बहीण म्हणते पैसे मिळालेच नाहीत, कधी भाऊ म्हणतो दिले होते, आणि दोघांच्याही हातात पुरावा नसतो. दिलेत तर लिहा आणि बँकेतून द्या. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याची बंदी आहे. मोबदला घेऊन हक्क सोडणं हे आयकराच्या लेखी हस्तांतरण असल्याने बहिणीला भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. सही करण्याआधी तिला ते सांगा.

नाव, नंबर, कर्ज

फेरफारावर (महसूल दप्तरातल्या नावबदलाच्या नोंदीवर) माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दस्तात दोन्ही ‘उर्फ’ करून लिहा आणि लग्नाचा दाखला जोडा. सिटी सर्व्हे नंबर, गट नंबर, क्षेत्रफळ जुन्या खरेदीखतावरून उतरवून भागत नाही, आजच्या मिळकत पत्रिकेशी किंवा सातबाऱ्याशी ताडून पाहा. असली चूक निघाली तर चूक दुरुस्ती पत्राने सुधारते, पण त्यासाठी सगळ्यांना पुन्हा गोळा करावं लागतं.

घटस्फोटानंतर बायकोने घरातला हक्क सोडला तरी बँकेच्या कर्जातून ती सुटत नाही. ती सहकर्जदार राहतेच. हप्ते थकले की बँक तिलाही फोन करते. आधी बँकेकडून नाव काढून घ्या किंवा कर्ज नव्याने करा, मग निबंधकाकडे जा.

नोंदणीनंतर

दस्त नोंदवला म्हणजे सातबाऱ्यावर नाव आपोआप स्थिरावलं असं धरू नका. तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. शहरात हे नगर भूमापन कार्यालयात. मूळ मालकाच्या मृत्यूनंतर वारस नोंदच झाली नसेल तर आधी ती करून घ्या, नाहीतर ज्याने हक्क सोडला त्याचं नावच रेकॉर्डवर नाही म्हणून अर्ज परत येतो. उलट बाजूने, फेरफार झाला म्हणून मालकी सिद्ध होत नाही. फेरफार हा महसुलासाठी असतो.

सोसायटीतल्या नामनिर्देशनाचंही तसंच. नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात, मालक वारसच राहतात. “मी नॉमिनी आहे, मला हक्कसोडाची गरज काय?” असं म्हणणाऱ्यांना फ्लॅट विकताना उत्तर मिळतं.

चूक झालीच असेल तर

नोंदवलेलं हक्कसोडपत्र एकट्याने मागे घेता येत नाही. दोन्ही बाजू तयार असतील तर रद्दपत्र नोंदवा. फसवणूक झाली असेल तर दिवाणी न्यायालय, आणि फसवणूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत. नुसता वारस राहून गेला असेल तर मात्र जुना दस्त मोडायची गरज नसते. राहिलेल्याकडून त्याच्या हिश्श्यापुरतं नवं हक्कसोडपत्र घ्या आणि त्यात जुन्या दस्ताचा क्रमांक आणि तारीख द्या.

आम्ही तेच केलं. थोरल्या आत्याबरोबर बहीणही पुन्हा येऊन तिच्या एका भागाची सही करून गेली. न्यू जर्सीचं मुखत्यारपत्र आधी वकिलातीतून परत आलं, कारण पासपोर्टवरचं आत्याचं नाव आणि मसुद्यातलं नाव जुळत नव्हतं. दुसऱ्यांदा केलेलं पोचलं तोवर गिऱ्हाईकाने शेजारच्याच इमारतीत फ्लॅट घेतला होता.